कडूअक्काची किळस

कडूअक्काचा आवाज दर शुक्रवारी सकाळी माझ्या मोबाइलवर यायचा. मस्कतमधल्या ज्या घरात ती एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करत होती, तिथं शुक्रवारी सगळे उशिरा उठत. अक्काला कपडे धुण्याच्या खोलीत तेवढा अर्धा तास मिळे. मागं मशीनची घरघर आणि पुढं तिचा दबका आवाज, असं मी अकरा वर्षं ऐकलं.

कडूबाई माझी मावसबहीण, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिच्या आधीची दोन लेकरं जगली नाहीत, म्हणून मावशीनं हिचं नाव कडूबाई ठेवलं, मरणानंही तोंड वाकडं करून पुढं जावं म्हणून. मस्कतच्या घरात ते नाव कुणाला म्हणता येईना, तर त्यांनी तिचं लीला करून टाकलं. "असू दे," ती म्हणायची. "राबती ती लीला. कडूबाई तिकडंच हाय, मुकुंदवाडीत."

ती वाईट माणसांत पडली होती असं नाही. मारहाण नव्हती, पगार वेळेवर होता, म्हातारी तर तिचा हात धरल्याशिवाय झोपत नसे. पण अक्काला तिथल्या अन्नाची किळस यायची. म्हणजे अन्नाची नाही, ते तिच्यापर्यंत ज्या वाटेनं यायचं त्या वाटेची. घरचे जेवून उठले की ताटांत जे उरेल ते एका डब्यात, आणि तो डबा लीलाचा.

"अमृता, आज काय मिळालं सांगू?" एका शुक्रवारी ती म्हणाली. "गार भात. वर मटनाचा तुकडा, कुणीतरी अर्धा चावून सोडलेला. दाताचे वण दिसायलेत. चरबी गोठून वठाला चिकटती. आपल्या आज्यानं गावकी कशापायी सोडली? दारोदार शिळं मागायचं नाय म्हणून. आन् त्याची नात इमानात बसून उष्टं खायला आली."

आमच्या आज्याची ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला तशी त्यानं गावाची झाडलोट सोडली, मेलेलं ढोर ओढणं सोडलं, आणि भाकरी मागायची टोपली चुलीत घातली.

शेवटच्या वर्षी अक्काच्या बोलण्यात एक नवीन सूर आला. परत आल्यावर काय काय करायचं ते ती सांगू लागली. मोठं काहीच नव्हतं त्यात. खाली मांडी घालून बसायचं आणि तव्यावरची भाकरी पहिल्या वाफेसकट खायची, बुक्कीनं फोडलेला कांदा आणि ठेचा घेऊन. सकाळी सहाला आपल्या उंबऱ्यात बसून बशीनं चहा प्यायचा, आणि तो संपेपर्यंत कुणी हाक मारायची नाही. गुलमंडीच्या बाजारात जाऊन हिरव्या बांगड्या भरायच्या, कोपरापर्यंत. तिथं म्हातारीची झोप मोडते म्हणून बांगड्यांना बंदी होती. क्रांती चौकातल्या गाड्यावरचा पेरू, तिखटमीठ लावून, उभ्यानं.

"आन् एक सांग," ती मध्येच विचारायची. "तुझ्या दाजीनं पुडी सोडली ना?"

रामकिसन दाजी चिकलठाण्याच्या एका कंपनीत रात्रपाळीचा वॉचमन. अक्का जाताना त्यानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवून गुटखा सोडल्याची शपथ घेतली होती. आमची दारं समोरासमोर, मुकुंदवाडीतल्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर. मला सगळं दिसत होतं. तरी मी म्हणायचे, "घरात तरी खाताना दिसत नाहीत." हे खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

दिवाळीनंतर, डिसेंबरात ती आली. मुंबईच्या विमानतळावर तिनं अंगातला झगा काढून साडी नेसली होती. निऱ्या एकीकडं ओढलेल्या, पदर आखूड. स्टेशनवर तिनं प्रेरणाला, म्हणजे तिच्या लेकीला, इतकं घट्ट धरलं की पोरगी शेवटी "मम्मी, श्वास घेऊ दे" म्हणाली. नऊ वर्षांची असताना मागं सोडलेली लेक आता फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती.

रिक्षातून उतरून आम्ही जिना चढू लागलो, आणि पहिल्या वळणावर अक्का थांबली.

आमच्या बिल्डिंगचा जिना म्हणजे बोलायची सोय नाही. प्रत्येक वळणाचा कोपरा गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत लाल, मधूनमधून काळपट, खाली सुपारीचा चोथा वाळून बसलेला. तीन वर्षांपूर्वी सोसायटीनं कोपऱ्यांत फरशा बसवल्या. गणपती, मक्का, येशू, आणि पहिल्या मजल्यावर बुद्ध. चित्र बघून लोक थांबतील असं वाटलं होतं. लोक फरशी सोडून वीतभर खाली थुंकू लागले.

"हे काऊन लावलंय इथं?" अक्कानं बुद्धाच्या फरशीकडं बघत विचारलं.

"लोकांनी थुंकू नये म्हणून."

"थुंक्याची राखण करायला बसवलंय?" तिनं पदर नाकाला लावला आणि वरपर्यंत तो काढला नाही.

घरात प्रेरणानं हौसेनं हॉटेलातून पनीर आणि नूडल्स मागवले होते. अक्का हसली, खाल्लंही. संध्याकाळी म्हणाली, भाकरी मी करते. ज्वारीचं पीठ डब्यात होतं, पण कधीचं कोण जाणे. दाजी खानावळीत जेवायचा, लेक मॅगीवर वाढलेली. पीठ कडवट झालेलं, त्यात बारीक जाळी. ते फेकलं. दुसऱ्या दिवशी ताजं दळून आणलं तर भाकरी तिच्या हातात फाटली. दुसरी फाटली, तिसरी परातीतून उचलेचना. ती पिठाच्या हातानं तशीच बसून राहिली.

पाण्याचंही तसंच. आमच्याकडं नळ आठ-आठ दिवसांनी येतो, हे ती विसरली होती, का इतकं असेल असं तिला वाटलं नव्हतं. मोरीतल्या ड्रममध्ये तिनं तांब्या घातला आणि वर आणला तर त्यात दोन अळ्या वळवळत होत्या. ती आंघोळ न करता बाहेर आली. ड्रम घासून काढला आणि कोरडाच ठेवला, नळाला अजून तीन दिवस होते तरी.

तिसऱ्या दिवशी मी तिला क्रांती चौकात नेलं. पेरूवाल्यानं एका राखाडी पाण्याच्या बादलीत पेरू बुचकळला, मांडीला पुसला, त्याच हातानं नाक खाजवलं आणि चिरून पुढं केला. अक्कानं तो घेतला, पैसे दिले. चार पावलं गेल्यावर कडेच्या गायीपुढं ठेवला.

"आधी असंच असायचं का गं?" तिनं विचारलं.

"असंच. तू तर एक संपला की दुसरा मागून घ्यायचीस."

तिनं हात पदराला पुसले. मग म्हणाली, "अकरा वरसं मी एक घर आरशावानी ठेवलं. तिथं तेवढी एकच गोष्ट माझी होती, स्वच्छ ठेवायची. आता मला सगळ्याचीच किळस यायली, अमृता. उद्या माझ्या माणसांचीबी येईल."

चौथ्या दिवशी सकाळी तिनं दाजीचा पेचकस आणि हातोडी घेतली, पहिल्या मजल्यावर गेली आणि बुद्धाची फरशी अलगद उचकटून काढली. कोपरा तुटू दिला नाही. घरी आणून तीन पाण्यांनी धुतली, पुसली आणि आतल्या खोलीत बाबासाहेबांच्या फोटोशेजारी ठेवली. तासाभरात सोसायटीचे सेक्रेटरी बद्रीनाथ दारात हजर. बँकेतून निवृत्त झालेले, बोलायला गोड माणूस.

"ताई, तुमच्या भावना समजतात मला," ते म्हणाले. "पण तिथं आता मोकळी भिंत झाली. मोकळी भिंत दिसली की लोक काय करतात, तुम्हाला माहीतच आहे."

"म्हणून काय, परत लावू?"

"नाही, नाही. मी दुसरंच म्हणत होतो. जिना झाडायला बाई टिकत नाही आपल्याकडं. तुम्ही आता घरीच आहात. तिकडं तुम्ही हेच काम करत होता ना, म्हणजे सवय आहे. सकाळचा तासभर. सोसायटी देईल ना काहीतरी."

मी माझ्या दारात उभी होते. अक्काचा चेहरा मी बघितला. उष्ट्या मटनाचं सांगताना तिचा आवाज जसा व्हायचा, तसा तिचा चेहरा झाला होता.

"बद्रीनाथ भाऊ," ती हळू म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावर चार घरं हायत. अमृता शाळेत शिकवती, तिला इचारलं का? त्या कोपऱ्यातल्या बाई दिवसभर घरीच असत्यात, त्यांला?"

"अहो, त्यांचं तसं नाही..."

"तसं म्हंजे कसं?"

बद्रीनाथांनी चष्मा काढून पुसला. अक्कानं त्यांना मदत केली नाही. शेवटी ते "बरं, बघू" म्हणत खाली गेले. अक्कानं दार लावलं. मी आत गेले तेव्हा ती मोरीत ओकत होती.

हे झालं सोमवारी. बुधवारी सकाळी तिनं पहिल्यांदा उंबऱ्यात बसून चहा घेतला. सहा-सव्वासहाची वेळ, दार सताड उघडं, बिल्डिंग शांत. मी दूध घ्यायला दार उघडलं तर ती बशीत चहा ओतत होती. मला बघून तिनं बोट ओठांवर ठेवलं. हा तिचा चहा होता, बोलायचं नव्हतं.

खालून बुटांचे आवाज आले. दाजी पाळी संपवून येत होता. आमच्या दारांतून खालचं वळण स्पष्ट दिसतं. तो तिथं थांबला. मान जराशी वळवली आणि न बघता, सवयीनं, कोपऱ्यात लांब पिचकारी मारली. मग खिशातून बडीशेप काढून तोंडात टाकली, रुमालानं ओठ पुसले आणि वर बघितलं.

 अक्कानं उरलेला चहा शांतपणे संपवला. आत गेली, अर्धी बादली पाणी, खराटा आणि फिनेलची बाटली घेऊन आली आणि ते सगळं त्याच्यासमोर पायरीवर ठेवलं. मग परत उंबऱ्यात बसली, दाराच्या मधोमध.

"रात्रभर उभा राहून आलोय," दाजी म्हणाला.

"व्हय."

"झोपून उठल्यावर करतो."

"आधी कर."

"लोक उठतील आता. मला काय म्हणतील?"

"मला सोमवारी म्हणले. तू घरातच व्हतास, पांघरूण घेऊन."

तो खाली पायरीवर बसला, वॉचमनच्या कपड्यांत, बादलीशेजारी. ती वर उंबऱ्यात. दूधवाला वर आला आणि दोघांकडं बघत पिशव्या ठेवून उतरला. कोपऱ्यातल्या बाईंनी दार उघडून पुन्हा लावलं. प्रेरणा मागून म्हणाली, "मम्मी, पप्पांना आत येऊ दे ना." अक्का म्हणाली, "येतील की. त्यांच्याच हातात हाय."

आठ वाजता बद्रीनाथ खालून जाताना थबकले. दाजीनं मान खाली घातली. ते गेल्यावर थोड्या वेळानं तो उठला, बाह्या दुमडल्या आणि कोपरा घासायला लागला. सुपारीचा वाळलेला थर सुटेना, तर नखानं खरवडायला लागला. एकदा त्याला उमासा आला. अक्का बघत होती. तिच्या तोंडावर जिंकल्याचं काही नव्हतं, फक्त तीच किळस, आणि तिच्यात मिसळलेली थोडी लाज.

तो आत गेल्यावर ती माझ्याकडं वळली. "तुला म्हायती व्हतं."

"हो."

"किती दिवसांपासून?"

"तू गेलीस त्या वर्षापासून."

तिनं दार लावून घेतलं आणि तीन आठवडे माझ्याशी बोलली नाही. त्या तीन आठवड्यांत तिच्या भाकऱ्यांचा आवाज मला समोरच्या बंद दारामागून यायचा, आधी थांबत थांबत, मग सलग. सोसायटीच्या बैठकीत तिनं एकच वाक्य बोलल्याचं कळलं: ज्याच्या दारासमोरचं वळण, त्यानं धुवायचं. निम्म्या घरांनी ऐकलं. दुसऱ्या मजल्याचा कोपरा आजही लाल आहे. दाजी आता रस्त्यावर थुंकतो. अक्काला ते ठाऊक आहे आणि तिनं त्याला अजून माफ केलेलं नाही.

जानेवारीत एका रविवारी तिनंच माझं दार वाजवलं. "सांडूनं हुरड्याला बोलावलंय म्हणं," ती म्हणाली, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं. सांडू माझा भाऊ. बिडकीनच्या पलीकडं त्याची दोन एकर जमीन आहे, आजूबाजूची कंपन्यांत गेली, तेवढी राहिलेली. आम्ही बसनं गेलो. वाटेत बसस्थानकावरच्या बायकांच्या मुतारीत ती डोकावली आणि नाक दाबून तशीच माघारी आली. "शेतापर्यंत धरते," म्हणाली.

सांडूनं बांधाशेजारी खड्डा करून गोवऱ्या पेटवल्या होत्या. निखाऱ्यांचा आर पडल्यावर त्यानं कोवळी कणसं त्यात खुपसली. अक्का मातीत बसली, साडीखाली काही न घेता. भाजलेलं कणीस तिनं फुफाट्यातून ओढलं, तळहातांवर चोळलं, फुंकर मारली. हिरवे दाणे, त्यात शेणाच्या राखेचे काळे कण. तिनं मूठ तोंडात टाकली. राख ओठांना लागली, ती तिनं मनगटानं पुसली. ती सगळ्या गालावर पसरली, आणि तिला कळलंही नाही.

मी काही बोलले नाही. बोलले असते तर तिनं हाताकडं बघितलं असतं.

"बघत काय बसलीस," ती म्हणाली. "चटणी सरकव इकडं."