सहा एअरबॅगा आणि आमचे भाऊजी

मोटार चालवणारी माणसं जगात कोट्यवधी असतील, पण मोटारीबरोबर फुकट मिळणारं जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, तळटिपांसकट, तीनदा वाचलेला माणूस या पृथ्वीतलावर एकच आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे! कुणीही पैज लावावी. तुम्ही-आम्ही ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून न काढता समोरच्या खणात टाकतो आणि गाडी विकताना पुढच्या मालकाला तसंच कोरं करकरीत सोपवतो. भाऊजींनी त्याला शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कव्हर घातलं, वर चिठ्ठी डकवून गाडीचा नंबर लिहिला, आणि रोज सकाळी आंघोळ झाली की लाल पेन्सिल घेऊन ते ओसरीवर बसू लागले. पुस्तक इंग्रजीत. भाऊजींचं इंग्रजी म्हणजे पुलगावच्या त्यांच्या दुकानात येणाऱ्या पाइपांच्या खोक्यांवर जेवढं छापलेलं असतं तेवढंच. पण शेजारच्या निवृत्त मास्तरांना चहा पाजून पाजून त्यांनी दोन महिन्यांत सगळा ग्रंथ मराठीत उतरवून घेतला. मास्तरांना सायकलपलीकडे काही चालवता येत नाही, तरी आज ते टायरमधल्या हवेच्या दाबावर तासभर बोलू शकतात.

या खटाटोपामागे एक कारण आहे आणि ते आधीच सांगितलेलं बरं. सहा वर्षांपूर्वी भाऊजी ताईला स्कूटरवर मागे बसवून देवळीहून नाचणगावला घरी परत येत होते. भर दुपारची वेळ. वाटेत एक गतिरोधक आला, स्कूटर उडाली, ताई पडली. डावा पाय दोन ठिकाणी मोडला. सेवाग्रामच्या दवाखान्यात महिनाभर काढून ती पायात सळई घेऊन घरी आली, तेव्हापासून जराशी लंगडते. घरी आल्या आल्या तिनं जाहीर केलं, "यापुढं तुमच्या कोन्या गाडीवर मी बसत नाई." आणि ती बसली नाही. एसटीनं जाईल, माझ्याबरोबर जाईल, तेराव्याला जायचं तर शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवरही चढेल, पण नवऱ्याच्या गाडीत नाही. भाऊजी ज्याला त्याला सांगत राहिले, "त्या ब्रेकरले पट्टेच नव्हते ना! दिसंन कसा?" त्यांनी स्कूटर विकली. पाच वर्षं गेली आणि एक दिवस दारात सहा एअरबॅगांची, स्वतःहून ब्रेक मारणारी, मागचं दाखवणारी चकचकीत पांढरी गाडी उभी राहिली. ताईनं तिला ओवाळलं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं (समोरच्या सेन्सरवर बोटभरसुद्धा कुंकू जाऊ नये म्हणून भाऊजी तिथे तळहात धरून उभे होते), आणि ताट घेऊन ती घरात निघून गेली. शेजारची सीट रिकामीच राहिली.

ती सीट भरावी म्हणून भाऊजींनी काय काय केलं म्हणता! पहाटे गाडीला प्रदक्षिणा घालायची, हातात स्वतःचं हवा मोजायचं यंत्र. पेट्रोल पंपावरच्या पोरांवर त्यांचा विश्वास नाही. "चालून आलेल्या टायरची हवा खोटी सांगते, थंड टायरची खरी," हे त्यांचं म्हणणं, आणि पुस्तकातही तसंच आहे. डिक्कीच्या तळाशी पडलेल्या पाचव्या चाकाचीसुद्धा महिन्याच्या पहिल्या तारखेला तपासणी व्हायची. एका रविवारी त्यांनी सगळ्या नातेवाइकांना जेवायला बोलावलं आणि जेवणाआधी अंगणात प्रत्येकाकडून चाक बदलून घेतलं. जॅक कुठे लावायचा ती खूण दाखवल्याशिवाय वाढप नाही! माझ्या बायकोनं नऊ मिनिटांत चाक बदलून दाखवलं, मला बावीस लागली, आणि पुरणपोळी मला शेवटी मिळाली. याच बायकोनं हौसेनं स्वतः विणलेली एक छोटी चटई त्यांना गाडीत पायाखाली घालायला दिली होती. भाऊजींनी ती डोक्याला लावली, तोंडभर कौतुक केलं, आणि दुसऱ्या दिवशी परत आणून दिली. "वहिनी, चटईवर चटई टाकाची मनाई हाये. सरकून ब्रेकखाली गेली त ब्रेक दबत नाई. मी हे देवघरात टाकतो म्हनत होतो, पन तुमची परवानगी पाहिजे." बायको दोन दिवस फुगली होती. तिसऱ्या दिवशी तिनं आमच्या गाडीतली वरची चटई गुपचूप काढून टाकली, हेही सांगून टाकतो.

त्यांच्या गाडीत बसणं हा एक सोहळा आहे. आधी डोक्यामागची उशी. ते प्रत्येकाच्या कानाची उंची पाहून ती वर-खाली करतात, त्याशिवाय किल्लीला हात लावत नाहीत. मग पट्टा. मागे बसणाऱ्यालाही पट्टा, मग तो गावातला असो की दिल्लीतला. एका लग्नाला जाताना त्यांचे ऐंशी वर्षांचे काका म्हणाले, "मले काऊन बांधून राह्यला रे? मी काय पळून जातो?" भाऊजी म्हणाले, "तुमी नाई पळत काका, गाडी थांबली तरी तुमी थांबत नाई, तिथं घोटाळा हाये." काका देवळीपर्यंत हसत राहिले. एकदा बाजारातून येताना पुढच्या सीटवर तुरीचं पोतं ठेवलं होतं. गाडीला वाटलं माणूस बसलाय, पट्टा लावा म्हणून ती ओरडू लागली. असं ओरडणं बंद करायला बाजारात खोट्या क्लिपा मिळतात. कुणीतरी तसली एक भाऊजींना भेट दिली होती आणि भाऊजींनी ती कालव्यात फेकली होती. त्यांनी गाडी बाजूला घेतली, पोत्याला रीतसर पट्टा लावला आणि ते नाचणगावपर्यंत तुरीशी बोलत आले असं मला खात्रीनं वाटतं!

आणि तो म्हशीचा प्रसंग! मी स्वतः गाडीत होतो. बाभळीच्या आडून एक म्हैस सरळ रस्त्यात आली आणि भाऊजींचा पाय ब्रेकवर जायच्या आत गाडीनं स्वतः करकचून ब्रेक मारला. म्हैस वाचली, आम्ही वाचलो, मी तर आनंदानं ओरडलोच. वाटलं, भाऊजी आता पेढे वाटतील. पण त्यांनी उतरून आधी म्हशीला रस्त्याच्या पलीकडे पोचवलं. मग म्हणाले, "ब्रेक माह्या पायानं लागाले पाहिजे होता. गाडीची ही अक्कल आपन चुकलो त्या वेळेसाठी हाये, रोज वापराची नाई." त्या दिवसापासून त्यांनी वेग आणखी दहानं कमी केला. रिव्हर्स घेताना समोरच्या पडद्यावर मागचं सगळं दिसतं, तरी ते खाली उतरून मागे पाहून येतात आणि कॅमेऱ्याची काच जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानं पुसतात.

वर्षभर ताई हे सारं ओसरीवरून बघत होती. माघातली चतुर्थी चार दिवसांवर आली आणि तिनं भाजी निवडता निवडता सांगितलं, "यंदा केळझरच्या गनपतीले मी गाडीत बसून येईन." भाऊजींच्या हातातली पेन्सिल पडली. मला लगेच फोन आला आणि फोनवर त्यांचा आवाज इतका वर चढला होता की, माझ्या बायकोला शेजारच्या खोलीत सगळं ऐकू गेलं! पण ताईची एक अट होती. केळझरहून आणलेला वीतभर पितळी गणपती तिच्या सीटसमोर, डॅशबोर्डवर बसला पाहिजे. तो समोर असेल तरच ती बसणार.

साधी मागणी. अख्ख्या जिल्ह्यात देव नसलेली गाडी शोधून सापडायची नाही. पण भाऊजींचं तोंड उतरलं, कारण डॅशबोर्डच्या नेमक्या तिथल्या झाकणाखाली शेजारच्या सीटची एअरबॅग होती आणि पुस्तकात तिथे काहीही ठेवायला मनाई होती. तीन दिवस त्यांनी पुस्तक पिंजून काढलं. मास्तरांना तेच पान पाच वेळा वाचायला लावलं. मास्तर म्हणाले, "कोणतीही वस्तू असं स्पष्ट लिहिलं आहे." भाऊजी म्हणाले, "पन देव वस्तू होते काय मास्तर?" मास्तरांनी चष्मा काढला, बराच विचार केला आणि म्हणाले, "एअरबॅगला तेवढं कळत नाही." खणात ठेवू म्हटलं तर ताई म्हणाली, "देवाले अंधारात कोंडता?" मागच्या काचेपाशी ठेवू म्हटलं तर धडकेत तो पुढे उडतो, म्हणून ते भाऊजींनाच मान्य नव्हतं. मी सुचवलं, चिकटवून टाका, एका दिवसानं काय होतं? त्यावर त्यांनी पुस्तकातलं तेच पान माझ्यापुढे धरलं. सहा वर्षांनी बाई गाडीत बसायला तयार झालीय आणि हा माणूस एका पानासाठी ती संधी घालवणार, या विचारानं मला त्यांचा भयंकर राग आला होता.

चतुर्थीची सकाळ उजाडली. गाडी धुऊन पुसून तयार. मी मागे पट्टा बांधून बसलो होतो. ताई हिरवं लुगडं नेसून, एका हातात गणपती आणि दुसऱ्या हातात चिकटपट्टी घेऊन लंगडत आली. भाऊजी दारापाशी उभे.

"इथं नाई लावता येत," ते म्हणाले.

"काऊन? साऱ्या गावाच्या गाडीत हाये."

"धडक झाली त फुगा या झाकनातून येते. पापनी लवाच्या आत. आन् त्याच्यासंगं हा गनपती सीधा तुह्या तोंडावर येईन."

"गनपती मले मारंन?"

"तो नाई मारत," भाऊजी म्हणाले. "मीच मारीन. पयलेही मीच पाडलं तुले. तो ब्रेकर दिसला होता मले. तू तीनदा हळू घ्या म्हनलं. दुपारून दुकान उघडाची घाई होती, मी वेग सोडला नाई. सहा वर्सं झाले, मी त्या ब्रेकरचं नाव सांगून राह्यलो."

ताईनं गणपती छातीशी धरला. मला वाटलं, संपलं, आता ही परत घरात जाते.

"मले मालूम हाये," ती म्हणाली. "मी मागंच बसली होती ना. मलेही दिसला होता तो. तुमी कवा सांगता याचीच वाट पाहून राह्यली होती."

ती खरंच घरात गेली. गणपती देवघरात ठेवला, त्याला नमस्कार केला, आणि बाहेर येऊन पुढच्या सीटवर बसली. भाऊजी तिच्या डोक्यामागची उशी नीट करू लागले, पण उशी एकदा फार वर जायची, एकदा फार खाली. "पुरे आता," ताई म्हणाली, "नाई त पुढची चतुर्थी येईन." मला रडू आवरेना, आणि पट्टा असा आवळलेला की खिशातल्या रुमालापर्यंत हात पोचेना!

देवळी गेली, वर्धा मागे पडलं. आमच्या मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून वाजवून थकले आणि पुढे निघून गेले. ताईनं सुरुवातीला दाराची मूठ घट्ट धरली होती. वर्ध्याच्या पुढे केव्हातरी तिची बोटं सैल झाली आणि ती झोपली, तोंड किंचित उघडं ठेवून, लहानपणी बैलगाडीत झोपायची तशी. भाऊजींनी आरशातून मला बोट ओठांवर ठेवून खूण केली. दोघंही आता साठीच्या पुढे आहेत. मधली सहा वर्षं आता कुठून आणायची, हे काही त्या पुस्तकात लिहिलेलं नाही. केळझरची टेकडी दिसेपर्यंत तिला जाग येऊ नये असं मला फार वाटत होतं, आणि त्यांनाही तेच वाटत असावं, कारण सेलूच्या पुढे रस्ता मोकळा असूनही त्यांनी गाडी आणखी हळू केली.