बाजू संपली की बॅच

अमरावतीतल्या आमच्या शिकवणीवर्गात दुपारची बॅच घड्याळावर चालत नसे. ती इंगळे सरांच्या रेकॉर्डवर चाले. सकाळच्या बॅचेस संपल्या की सर मागच्या खोलीत जात, दार लोटून घेत, एका जुन्या विलायती हार्ड रॉक बँडची रेकॉर्ड लावत आणि खुर्चीत डोळे मिटून बसत. बाहेर जिन्यावर मुले सेंद्रिय रसायनाच्या वह्या घेऊन उभी असत. आत गिटार किंचाळत असे, ड्रम कोसळत असत. रेकॉर्डची एक बाजू संपून शांतता झाली, की मुले कोणी न सांगता वर्गात येऊन बसत आणि सर खडू घेऊन फळ्यासमोर उभे राहत. ‘बाजू संपली की बॅच’ हा नियम सरांनी स्वतःच घातला होता. त्यांनी तो कधी मोडलेला मी पाहिला नाही.

एम.एस्सी. झाल्यावर मी तिथे भौतिकशास्त्र शिकवायला लागले. संशोधनाच्या प्रवेशपरीक्षेची तयारी चालू होती आणि वर्षभरापेक्षा जास्त थांबायचे नाही, असे मी ठरवून आले होते. पहिल्याच आठवड्यात मी सरांना समजावले की, एवढ्या मोठ्या आवाजात मेंदूला विश्रांती मिळणे शक्य नाही. त्यांनी माझे म्हणणे शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाले, “मॅडम, सकाळपासून मी माह्याच आवाज आयकून राहिलो. त्याले दाबाले याच्यापेक्षा कमी चालत नाही.”

सर उंच होते, पण उंच वाटत नसत. खांदे पुढे झुकलेले, उजव्या बाहीला कायमची खडूची पांढरी किनार, खिशात घशासाठी खडीसाखर. सकाळच्या पहिल्या बॅचला त्यांचे शिकवणे ऐकण्यासारखे असे. दुपारपर्यंत तोच विनोद त्याच अभिक्रियेवर, त्याच जागी येई. मुले हसत, सर हसत नसत. “रसायन मले येते, मॅडम,” ते एकदा म्हणाले, “पण दिवसातून पाच-पाच वेळा नाही येत.”

रेकॉर्ड त्यांना अकोल्यात मिळाली होती. कॉलेजात असताना ते जुन्या शहरात मोर्णा नदीच्या बाजूला एका खोलीत राहत. खाली रफिकभाईंचे रेडिओदुरुस्तीचे दुकान होते. कव्वालीच्या रेकॉर्डचा एक जुना गठ्ठा रफिकभाईंनी घेतला, त्यात ही निघाली. मुखपृष्ठावर धुराडी आणि लाल आकाश. रफिकभाईंनी ती एकदा लावली आणि सरांना हाक मारली, “इंगळे, ये ले जा. बेचारे को बहुत तकलीफ है, चिल्ला रहा है.” सर हा प्रसंग नेहमी याच शब्दांत सांगत आणि वर म्हणत, “तकलीफ त्याले होती का मले, हे अजून नाही समजलं.”

सरांना नाही म्हणता येत नसे. वर्गाचा संचालक अमोल हा त्यांचाच जुना विद्यार्थी. दर जूनमध्ये सर म्हणत, “ही शेवटची बॅच.” मग अमोल येऊन पाया पडे, “सर, तुमच्या नावावर पोरं आली आहेत,” असे म्हणे, आणि आणखी एक बॅच वाढे. अकोल्याजवळ पातूरला सरांच्या भावाची झेंडूची आणि शेवंतीची शेती होती. तिथे दोन खोल्या सरांच्या वाट्याच्या होत्या आणि शिकवणे सोडले की तिथेच जायचे, असे ते म्हणत. तिथे जाऊन काय करणार, असे मी विचारले होते.

“झोपनार.”

“आणि मग?”

“मंग उठल्यावर पाहू.”

मे महिन्यात कूलर हलवताना कोणीतरी ती रेकॉर्ड पश्चिमेच्या खिडकीत ठेवली. संध्याकाळपर्यंत ऊन लागून ती भाजलेल्या पापडासारखी वळली. सुई दोन फेऱ्यांत उडून बाहेर पडू लागली. सरांनी रेकॉर्ड पाकिटात घातली. गाणे नाही म्हणजे दुपारचा वेळ रिकामा, असा अर्थ अमोलने काढला आणि त्या जवळपास अर्ध्या तासात शंकानिरसन ठेवले. सर त्यालाही होकार देऊन बसले. पावसाळाभर त्यांचा आवाज बसत गेला. दुपारच्या बॅचला ते फळ्याला टेकून उभे राहत. विश्रांती काढून घेतलेल्या माणसाचे काय होते, हे मला रोज डोळ्यांसमोर दिसत होते. त्यावर उपाय एकच होता आणि तो त्या पाकिटात वळलेला पडला होता.

दिवाळीच्या सुमारास त्याच अल्बमची नवी आवृत्ती रेकॉर्डवर निघाल्याचे मला फोनवर दिसले. सर चष्मा पुसून बराच वेळ पाहत राहिले. साधी आवृत्ती होती आणि एक जाडजूड, दोन तबकड्यांची होती. “हे पाहा,” ते म्हणाले, “याच्यात दोन तवे हायेत. म्हंजे दुप्पट.” मी तपशील वाचायला सांगत होते, तोवर त्यांनी तीच मागवायला लावली आणि अमोलला बोलावले. “अमोल, माही रेकॉर्ड येऊन राहिली. माह्या अर्धा घंटा मले वापस पाह्यजे.” सरांनी काही मागितलेले मी पहिल्यांदाच ऐकले. अमोलही गडबडला. “रेकॉर्ड आली की तुमचाच, सर,” म्हणाला.

रेकॉर्ड आली. सरांनी दार लोटले, सुई टेकवली. दोन गाणी झाली आणि शांतता पसरली. गाणी दुप्पट नव्हती. आवाज अधिक स्पष्ट यावा म्हणून तीच गाणी जास्त वेगाने फिरणाऱ्या दोन तबकड्यांच्या चार बाजूंवर पसरवली होती. बाजू निम्म्या वेळात संपत होती. सर तबकडी उलटायला उठले, तोवर नियमाप्रमाणे मुले वर्गात येऊन बसली होती. त्यांनी हातातल्या तबकडीकडे पाहिले, दाराकडे पाहिले आणि खडू घेतला.

“दोन बाजू झाल्यावर या, असं मुलांना सांगा ना,” मी म्हणाले.

“नेम मीच केला न, मॅडम. बाजू लहान झाली, त्यात पोट्ट्यायची काय चूक?”

“आवाज तरी कसा आहे?”

“लय साफ. तारेवर बोट घसरते, तेबी आयकू येते आता.” मग म्हणाले, “म्हून झोप नाही लागत.”

उरलेल्या वेळात अमोलने शंकानिरसन परत बसवले.

फेब्रुवारीत, अभ्यासक्रम पुरा झाला त्या आठवड्यात, एका दुपारी नेहमीप्रमाणे गाणे वाजले आणि संपले. मुले आत आली. सर आले नाहीत. मी मागच्या खोलीत डोकावले. तबकडी फिरत होती, सुई शेवटच्या खाचेत खरखरत होती आणि मागच्या गल्लीत उतरणाऱ्या जिन्याचे दार उघडे होते. खुंटीवरची पिशवी नव्हती. गाणे चालू असेपर्यंत त्यांना कोणी शोधणार नव्हते.

अमोलने फोन लावून पाहिला, गल्लीत जाऊन आला आणि मग माझ्याकडे वळला. “मॅडम, आजचा तास तुम्ही घ्या. पोरं बसली आहेत.” माझी परीक्षा जवळ आली होती. मी खडू घेतला.

संध्याकाळी वर्ग आवरताना सरांचा फोन आला.

“अकोल्याच्या स्टँडवर हाओ. पातूरची गाडी लागून राहिली.”

“सर, सांगून तरी जायचं होतं.”

“सांगतलं असतं, तर अमोल पाया पडला असता. मंग राहा लागलं असतं.” मागे कंडक्टर ओरडत होता. “दुपारची बॅच कोनं घेतली?”

“मी.”

“काहून?”

“मुलं बसली होती, सर.”

सर थकलेल्या, पण स्वच्छ आवाजात म्हणाले, “मलेबी पहिल्या दिवशी असंच सांगतलं होतं. पोट्टे बसले हायेत, एक घ्या.”

गाडी हलली असावी. फोन बंद झाला. अमोल दारात उभा होता. उद्या सकाळची पहिली बॅचही घ्याल ना, असे त्याने विचारले. मी “नाही” म्हणाले. तो कारणाची वाट पाहत थांबला. कारण सांगितले असते, तर त्याने ते दूर करून दिले असते. मी पिशवी उचलली आणि त्याच्या बाजूने निघून जिना उतरले.