दोन्ही डिस्कांना कुंकू

सापगावचा हरेश लग्नांचं शूटिंग करतो. एकदा अख्खं लग्न डिस्कसकट गेलं आणि नवरीच्या मामानं भर बाजारात त्याचा उद्धार केला; तेव्हापासून स्वारी ताकही फुंकून पिते. गेल्या दसऱ्याला त्यानं घरच्या कॉम्प्युटरमध्ये ‘रेड’ बसवलं. डिस्क दोन, दोन्हींवर तेच. एक गेली तर दुसरी तारते.

आईला, चंद्रकलाबाईंना, त्यानं सोपं करून सांगितलं, “बाईजाआते धवला म्हनायची नि तू मागून तीच ओळ उचलायचीस ना? तसंच.”

बाईजा म्हणजे पंचक्रोशीतली धवलारीण. लग्नातल्या तिच्या धवल्यांशिवाय, म्हणजे विधींच्या गाण्यांशिवाय, कुणाला हळद लागत नसे. यंदा वैशाखात ती गेली. तिचे धवले उरले ते फक्त हरेशच्या डिस्कांवर.

आणि नेमकी त्यातली एक डिस्क बंद पडली. हरेशनं कल्याणहून नवी आणली, अगदी जुनीसारखीच. ओळख एवढीच, की जुनीवर गेल्या दसऱ्याचं कुंकू होतं. चिठ्ठी चिकटवायचा या शहाण्याला कंटाळा!

दसऱ्याला कॅमेऱ्याबरोबर दोन्ही डिस्का पाटावर मांडून तो आंघोळीला गेला. पूजा आईनं उरकली. आल्यावर हाताला आली तिच्यावर कुंकू दिसलं, ती जुनी म्हणून त्यानं वर बसवली. दुसरी ढुंकूनही न बघता खाली बसवली. वरचीवरून खालचीवर कॉपी करायची, असं कॉम्प्युटरला सांगून तो बटण दाबणार, तोच आई म्हणाली, “नवीला पन कुंकू लावलंय हां. पैल्यांदा घरात आली, कोरडी कशी बसवू?”

हरेशचं बोट तिथंच थांबलं. कोरी डिस्क भरलेलीवर उतरली असती, तर बाईजा दुसऱ्यांदा गेली असती.

त्यानं दोन्ही काढल्या. वरची एकटी जोडून पाहिली. कोरी! मग खालची जोडली, फाईल उघडली, आणि बाईजाचा खणखणीत आवाज घरभर झाला. तिच्या मागोमाग आईचा.

चंद्रकलाबाई पाटावर बसल्या. बाईजा गेल्यापासून त्यांनी धवला तोंडून काढला नव्हता.

“आता मी म्हनले, तर मागून उचलील कोन?”

हरेशनं या वेळी नीट बघून कॉपी सुरू केली आणि आईजवळ येऊन बसला. “तू म्हन गो आये.”

आईनं ओळ म्हटली. शेवटी आवाज कापला, थांबला. बाप्यांनी धवला म्हणायची रीत नाही, आणि हरेशला तर आरतीही सुरात जमत नाही. पण त्यानं ओळ उचलली. बेसूर, आणि एकही शब्द न चुकता.