सारवलेल्या अंगणातला लाल डाग

माझा पाय आज शाबूत आहे तो आमच्या खोलीच्या मालकीणमावशींमुळे. औषध डॉक्टरांनी दिलं, ते खरंच. पण आधी पाहिलं ते मावशींनी. म्हणून पहिला मान त्यांचा.

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आठवीत शाळा सोडून, बीडकडचं गाव मागे टाकून मी इकडे पनवेलजवळच्या एका गावात आलो, त्याला बरीच वर्षं झाली होती. तळोज्याच्या एका कारखान्यात रसायनांची पिंपं धुवायचो. गमबूट कुणाचे स्वतःचे नसत. एक पाळी सुटली की पुढच्या पाळीचा माणूस तेच बूट चढवी. झटकत कोण बसणार? "घाल रे, गरम करून ठेवलेत तुझ्यासाठी," असं म्हणून जाणारा हसायचा. एकदा बुटात पत्र्याचा कपचा राहिला. अख्खी पाळी मी त्याच्यावर उभा होतो आणि मला पत्ताच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मावशींनी अंगण सारवलं होतं. मी न्हाणीतून अनवाणीच आलो.

"ए पोरा, थांब. आमच्या अंगनात ह्यो लाल डाग कसला?"

मी तळवा वर केला. अंगठ्याखाली चांगलंच फाटलं होतं.

"दुखत नाय?"

"नाही, मावशी. काहीच नाही."

"येवढं फाटलंय नि दुखत नाय? मंग चल."

मला रिक्षात घालून त्यांनी पनवेलला डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, तर साखर भलतीच वाढलेली. मला वाटायचं, हा आजार बसून खाणाऱ्यांचा.

"साखरेनं पाय बधिर झालाय, म्हणून कळलं नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि जखम भरायची तर तिथं रक्ताच्या नव्या वाहिन्या फुटाव्या लागतात, केसाहून बारीक. साखर वाढलेली असली की त्या नीट फुटत नाहीत. रक्तच पोचलं नाही, तर मांस भरणार कसं?"

"म्हंजे रोडपालीच्या नव्या बिल्डिंगींवानी," मावशी म्हणाल्या. "घरं हायेत, पान्याची लाइन नाय."

डॉक्टर हसले. मला हसू येईना. "अंगठा जाईल का हो?" मी विचारलं.

"साखर ताब्यात आणा, पायावर भार देऊ नका, अनवाणी फिरू नका. तरीही काळं पडलं, तर काढावा लागेल."

अंगठ्याचा जोर नसेल, तर ओल्या लादीवर पिंप लोटणार कसं, एवढंच माझ्या डोक्यात. घरी कळवलं नाही. आई तिकडे काळजीनं अर्धी झाली असती. चार दिवसांनी गुपचूप कामावर निघालो, तर चपला गायब.

"कोंबड्यांच्या खुराड्यात हायेत," मावशी आतून ओरडल्या. "काढ जा हात घालून!"

मुकाट्यानं खाटेवर जाऊन बसलो. जेवण तिथंच यायचं, आणि बिनसाखरेचा चहा.

"तोंड वाकडं करू नको. साखर तुज्या अंगात हाय ना रगड!"

रोज सकाळी मी आरशात तळवा बघायचो, काळं पडलंय का म्हणून. जखम नुसती पांढुरकी, धुऊन विटलेल्या फडक्यासारखी. असं कितीतरी दिवस चाललं. मग एकदा डॉक्टरांनी पट्टी उचलली आणि लालभडक थेंब वर आले. मी पाय मागे ओढला.

"घाबरू नका, हे चांगलं आहे," ते म्हणाले. "नव्या वाहिन्या फुटायला लागल्यात."

"लाइन आली म्हना की," मावशी म्हणाल्या. या खेपेला मीही हसलो.

जखम भरायला फार वेळ लागला, पण भरली. आता मी बूट उलटे करून आपटल्याशिवाय घालत नाही. "साप बसलाय का रे आत?" कामावरची पोरं विचारतात. विचारू देत.

हल्ली सारवून झालं की मावशी भिंतीला धरून उठतात. गुडघे ऐकत नाहीत, पण त्या कबूल करत नाहीत. एक दिवस करावंच लागेल. त्या दिवशी त्यांच्या चपला मी खुराड्यात टाकीन, आणि ते अंगण माझ्या हातानं सारवीन.