कटिंग मास्टरचा खडू

बाबांच्या मेंदूत गुठळी झाली आणि उजवी बाजू गेली. मी त्यांना अंबरनाथच्या बुवापाड्यातून रोज रिक्षाने उल्हासनगरच्या फिजिओथेरपी केंद्रात व्यायामासाठी न्यायचो. तिथे जीन्सच्या कारखान्यातला एक कटिंग मास्टर यायचा. त्याचाही उजवा हात तसाच गेलेला. नाव मी कधी विचारलं नाही.

बाकीचे पेशंट रबरी बॉल दाबायचे. हा पिशवीतून जीन्सच्या कापडाचा तुकडा काढायचा, डाव्या हाताने उजव्या बोटांत खडू बसवायचा आणि खिशाची गोलाई आखायचा. रेघ भलतीकडेच जायची. ती पुसून तो पुन्हा आखायचा.

बाबा मात्र बोट हलवायला तयार नसत. पेपरात स्टेम सेलबद्दल आलेलं कात्रण त्यांच्या खिशात असे. "ते इंजेक्शन येऊ दे. नवीन पेशी आल्या की हात आपोआप चालेल." अजून प्रयोगच चाललेत, खात्री नाही, असं डॉक्टरांचं दोनदा सांगून झालं होतं. मी तर रोजच चिडायचो.

एकदा बाबांनी ते कात्रण मास्टरला दाखवलं. त्याने सावकाश वाचून परत दिलं.

"येऊ देत की, काका. पण कारखान्यात नवीन माणूस आला तरी त्याला कटिंग शिकवावंच लागतं. या पेशी कुठून शिकून येणार?"

आणि तो पुन्हा बोटांत खडू बसवू लागला.

बाबा म्हणजे मोरिवलीच्या कंपनीत जन्म घालवलेला फिटर माणूस. दुसऱ्या दिवशी निघताना म्हणाले, "माळ्यावरचा माझा पाना काढ. उजव्या हातात दे."