आबांनी मागितलेली माफी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सुनंदाला, माझ्या बायकोला, ठाऊक आहे — पण मी सांगितलं म्हणून नव्हे. ते घडलं तेव्हा ती शेजारी स्वयंपाकघरात होती, तिने ऐकलं. तुम्ही मला ओळखत नाही. कदाचित म्हणूनच तुमच्याशी बोलणं जमेल. जमेल का, माहीत नाही.

मी मेलबर्नला पॉइंट कुकमध्ये राहतो. वय बावन्न. इथल्या मराठी मंडळात मला सगळे टाकळीकर म्हणून ओळखतात — गणपतीत आरतीचा माइक ज्याच्या हातात असतो, तो. जन्माने मी सोनकांबळे. आम्ही बौद्ध, गावाच्या लेखी महारवाड्यातले. पासपोर्ट काढायच्या आधी मी गावाच्या नावावरून आडनाव करून घेतलं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतःचं बदललं नाही. मला अडवलंही नाही. फक्त म्हणाले, ‘‘तुला सोपं पडत असेल तर कर.’’

सोपं पडलं. फारच सोपं. इथे आल्यावर पहिल्याच गणपतीत मंदारने — पुढे तो माझा सगळ्यात जवळचा मित्र झाला — प्रसादाची डिश हातात देताना विचारलं, ‘‘टाकळीकर म्हणजे देशस्थ ना रे?’’ मी नुसता हसलो. हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. त्या हसण्यावर मी वीस वर्षं काढली. घरी सत्यनारायण झाला. बार्बेक्यूला मंदार कोट्यातल्या डॉक्टरांचे विनोद सांगायचा आणि मी चिमट्याने कणसं उलटत हसायचो. सगळ्यांपेक्षा थोडं जास्तच.

भीती कसली होती? हे मी स्वतःला खूपदा विचारलंय. नोकरी गेली नसती. माझ्या गोऱ्या मॅनेजरला सोनकांबळे काय आणि टाकळीकर काय, दोन्ही सारखीच अवघड. कुणी अंगावर आलं नसतं. दोन-चार घरची आमंत्रणं बंद झाली असती. एवढंच. एवढ्यासाठीच.

पण मला सांगायचंय ते हे नव्हे. आडनाव पुष्कळ जण बदलतात.

रेवा माझी एकुलती एक मुलगी, जन्माने इथलीच. तिला यातलं काही माहीत नव्हतं. आबांचं आडनाव वेगळं का, असं तिने लहानपणी विचारलं होतं; गावाकडे दोन आडनावं असतात, असं मी ठोकून दिलं. भारतात गेलो की पुण्यात फ्लॅट भाड्याने घ्यायचो आणि आबांना तिथे बोलवायचो. त्यांच्या घरी, औरंगाबादला, तिला कधी नेलंच नाही. आबा तिथे एकटे राहायचे. व्हिडिओ कॉलवर ते नेहमी एका ठरावीक खुर्चीत बसत, पाठीमागे नुसतं कॅलेंडर. फोटो होते ते समोरच्या भिंतीवर — बुद्धाचा, आणि निळ्या कोटातल्या त्यांचा, ज्यांच्यामुळे आबांच्या हातात पाटी आली. मीच सांगितलं होतं, आबा, इकडे बसा, उजेड बरा येतो. ते तिथे बसायला लागले. चाळीस वर्षं वकिली केलेला माणूस. न कळायला काय झालं?

रेवा युनीत लॉ करते. गेल्या वर्षी ती एका सेमिस्टरसाठी अमेरिकेला गेली. दक्षिणेतल्या एका राज्यात काळ्या लोकांसाठी उभं राहिलेलं जुनं विद्यापीठ आहे, त्याच्या सरकारी लॉ स्कूलमध्ये. मंदार म्हणाला, ‘‘मेलबर्न सोडून तिकडे? कोट्यातून नंबर लागला की काय पोरीचा?’’ आणि मी — हो, तेव्हाही हसलो.

पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला तेव्हा ती नुसती उसळत होती. ‘‘बाबा, तुला माहितीये हे कॉलेज का काढलं? गोऱ्यांच्या कॉलेजात यांना घ्यायचं नव्हतं म्हणून. म्हणजे, तुम्ही तुमचं वेगळं बसा! आणि इथूनच लॉयर्स निघाले आणि त्यांनी त्याच स्टेटला कोर्टात खेचलं. हाउ कूल इज दॅट? खाली हॉलमध्ये पहिल्या बॅचचा फोटो आहे. सगळे सुटात, एकदम ताठ. आबांसारखे दिसतात.’’

आबांसारखे. आबाही अशाच एका कॉलेजात शिकले होते, आमच्या लोकांसाठी निघालेल्या. दिवसा कचेरीत कारकुनी आणि सकाळी लॉचे तास. त्याआधी गावच्या शाळेत व्हरांड्यात बसले होते, खिडकीतून फळा बघत. वकील झाल्यावर तालुक्याच्या कोर्टातल्या बाररूममध्ये त्यांचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. हे सगळं माझ्या ओठांवर होतं. मी म्हणालो, ‘‘नेटवर्क नीट नाहीये गं, नंतर बोलू.’’

तिथे एक पद्धत आहे. नवीन आलेल्या प्रत्येकाने वर्गात उभं राहून सांगायचं — तुमच्या घरात कायदा शिकलेला पहिला माणूस कोण आणि तो दारातून आत कसा आला. बाहेरून आलेल्यांनीही सांगायचं. रेवाच्या प्राध्यापक बाईंनी तिला वर विचारलं, तुमच्याकडे जात असते ना, मग तुमचं घर दाराच्या कुठल्या बाजूला होतं?

तिने मला विचारलं. मग माझ्या उत्तराची वाट न पाहता स्वतःच म्हणाली, ‘‘आय थिंक मला माहितीये, बाबा. मंदारकाका जोक्स मारतात आणि तू हसतोस. आपण दार बंद करणारे होतो. राइट?’’

तुम्ही असता तर काय केलं असतं? मी म्हणालो, ‘‘हो. तसंच काहीसं.’’

ती म्हणाली, ‘‘मला आबांच्या तोंडून ऐकायचंय.’’

मला आबांना आधी फोन करता आला असता. नाही केला. रविवारी आम्ही तिघं कॉलवर आलो — ती तिकडे हॉस्टेलच्या खोलीत, मी जेवणाच्या टेबलापाशी, आबा त्यांच्या खुर्चीत, पाठीमागे कॅलेंडर. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. नातीला वकिलीबद्दल काही विचारायचंय म्हणून.

रेवाने तिच्या मराठीत विचारलं, ‘‘आबा, तुमच्या गावात काही मुलांना स्कूलच्या बाहेर बसवायचे ना?’’

आबांचा चेहरा उजळला. खरं सांगतो, उजळला. वाट पाहत असल्यासारखे ते पुढे सरकले. ‘‘हो माय. व्हरांड्यात. पाणी प्यायचं तर वरून ओतायचे, ओंजळीत. मडक्याला हात लावायचा नाही.’’

‘‘आणि ते कोण करायचं? आपली फॅमिली?’’

आबा थांबले. त्यांनी स्क्रीनवर माझ्याकडे पाहिलं.

आणि मी मान हलवली. अगदी थोडी, डावीकडून उजवीकडे. नाही. सांगू नका.

हेच सांगायचं होतं. एवढीशी हालचाल. रेवाला ती दिसली नाही. आबांना दिसली.

ते खुर्चीत मागे टेकले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. मग म्हणाले, ‘‘हो, माय. आपणच. आम्हीच करायचो.’’

‘‘तुम्ही पण?’’

‘‘मी पण.’’ आणि थोड्या वेळाने — मी विचारलं नव्हतं, तिनेही नव्हतं — म्हणाले, ‘‘चुकलं आमचं. लेकरं होती ती. मी त्यांची माफी मागतो.’’

रेवा रडत होती. ‘‘थँक यू, आबा. खरं सांगितल्याबद्दल थँक यू.’’

स्वयंपाकघरात सुनंदाने कुकरखालचा गॅस बंद केला. बाहेर आली नाही.

व्हरांड्यात बसलेल्या मुलाने, व्हरांड्यात बसवणाऱ्यांच्या वतीने माफी मागितली. माझ्यासाठी. माझ्या चार आमंत्रणांसाठी. आणि मी कॉल संपेपर्यंत तोंड उघडलं नाही. उघडता आलं असतं. पुढच्या क्षणी, त्याच दिवशी, त्या आठवड्यात केव्हाही. ती वर्गात उभी राहून सांगणार होती, त्याच्या आदल्या दिवशीसुद्धा.

तिने सांगितलं. माझे आजोबा शिकू शकले कारण त्यांच्यासाठी दार उघडंच होतं, आणि त्यांनी ते दुसऱ्यांवर लावून घेतलं, असं. नंतर एका मुलीने येऊन तिला मिठी मारली.

तिचं सेमिस्टर संपता संपता आबा गेले. मी एकटा जाऊन आलो. घर माणसांनी भरलेलं होतं. ज्यांच्या केसेस त्यांनी फी न घेता लढवल्या, ते सगळे. कुणी मला माझ्या जुन्या आडनावाने हाक मारली की मी चटकन वळत होतो. परत आल्यावर मंडळाने छोटी शोकसभा ठेवली. रेवा अमेरिकेहून आली होती. ती बोलली. म्हणाली, आपली चूक कबूल करायला फार धैर्य लागतं आणि ते माझ्या आबांकडे होतं. मंदारने माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘मोठा माणूस, यार.’’ मी हात जोडून उभा होतो.

रेवा आता नोकरीच्या मुलाखतीतही हे सांगते. आमच्या घरावर देणं आहे, म्हणते.

आणखी एक राहिलं. हे सुनंदालाही ठाऊक नाही.

त्या कॉलच्या दुसऱ्या दिवशी आबांनी मला फोन केला होता. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होतो. मला वाटलं, आता बोलतील. निदान एक शिवी तरी देतील. त्यांनी सुनंदाची चौकशी केली, थंडी किती आहे विचारलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले,

‘‘पोरीनं मला माफ केलं का रे?’’

मी म्हणालो, ‘‘हो, आबा. केलं.’’