चौसाळ्याच्या अलीकडचा बार

गाडी जुनी होती. पांढरी, पुढचा बंपर सुतळीने बांधलेला. मी ती घरी आणली तेव्हा बायको म्हणाली, "ही चालवायची हाय का नुसती पुजायची?" मी शाळेत क्लार्क. दाखले लिहायचे, शिक्के मारायचे, एवढंच माझ्या हातांनी आजवर केलेलं. पण गाडी आली आणि मला तिचं खूळ लागलं.

बीडला माझा कॉलेजातला मित्र गॅरेज चालवायचा. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे, म्हणून मीही. दर रविवारी त्याच्याकडे जाऊन मी कपडे काळे करून यायचो. आधी सीटा नव्या शिवून घेतल्या, मग स्टिअरिंग बदललं, मग रुंद टायर घातले. प्रत्येक वेळी वाटायचं, बस झालं. मग मोबाइलवर कुणाची तरी गाडी दिसायची.

"उस्ताद, आवाज पाहिजे," मी एकदा म्हणालो.

"कावून? गाडी हाय ती, तोफ न्हाई."

मी हट्ट सोडला नाही. त्याने सायलेन्सरचा डबा कापून काढला, सरळ पाइप लावला आणि वेल्डिंगचा शेवटचा टाका मला मारू दिला. तो वाकडा आला, तरी मी त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत बसलो. चालत्या गाडीत चावी क्षणभर बंद करून पुन्हा फिरवली, की न जळलेलं पेट्रोल तापल्या पाइपात पेटायचं आणि बंदुकीसारखा बार निघायचा. तेही त्यानेच दाखवलं. पहिल्या बाराला शेजारचा फळवाला हातातलं टरबूज टाकून शिव्या देत धावत आला. आम्ही दोघं पोट धरून हसलो.

त्याच दुपारी आम्ही चौसाळ्याला निघालो. माझ्या सासरवाडीला गाडी दाखवायची होती. गावाच्या अलीकडे रस्त्याच्या डाव्या कडेने मेंढरांचा कळप चालला होता. पलीकडे शेताला काटेरी तार. पुढे मेंढपाळ, मागे त्याची बायको.

"हळू घे बे," उस्ताद म्हणाला. "मेंढरं हायत."

मी हळू घेतलीही. कळपाच्या मध्यावर आलो तेव्हा पुढच्या मेंढपाळाने वळून पाहिलं, आणि मला वाटलं, यालाही ऐकवावं. बस्स. दुसरं कारण मी खूप शोधलं, सापडलं नाही. मी चावी फिरवली.

बार झाला. अर्धा कळप पुढे पळाला. उरलेली मेंढरं उलटी फिरली, तारेला धडकली आणि तिथून जी उसळली ती थेट रस्त्यावर, माझ्यामागून येणाऱ्या ट्रकपुढे. ब्रेक किंचाळले. त्यानंतर धप धप असे आवाज झाले, ओली पोती फेकल्यासारखे.

मी गाडी थांबवून उतरलो तोवर मेंढपाळाची बायको माझ्यापर्यंत पोचली होती. तिने काठी दोन्ही हातांनी उचलली. मी डावा हात वर केला आणि मनगटाच्या वर हाड मोडलेलं मला ऐकू आलं. दुसरा फटका खांद्यावर, तिसरा कानावर. मी खाली पडलो. तिच्या नवऱ्याने कुऱ्हाड काढली, पण तो माझ्याकडे आला नाही. त्याने ती बॉनेटवर घातली. पातं रुतायचं, तो पाय देऊन उपसायचा आणि पुन्हा घालायचा.

ट्रकच्या ड्रायव्हरने उस्तादला कॉलर धरून ओढलं आणि तोंडावर ठोसा मारला. त्याच्या तोंडातून दात आणि रक्त एकदम पडलं.

"त्याला सोडा," मेंढपाळ ओरडला. "गाडी हा हरामखोर चालवत व्हता."

सात मेंढरं मेली होती. दोन घायाळ, पण अजून जिवंत होती. एकीचे मागचे पाय चिरडले होते आणि ती पुढच्या पायांवर सरपटत रस्ता ओलांडायला बघत होती. तिच्या पोटातलं कोकरू हलताना दिसत होतं. मेंढपाळ उस्तादकडे वळला. आवाज आता अगदी खाली आलेला.

"तुला सुरी चालवता येती का, भाऊ? माझ्या हातानं न्हाई व्हायचं."

उस्तादने रक्त थुंकलं, मान हलवली. मला म्हणाला, "पाय धर."

मी एका हाताने धरले. ती शेवटपर्यंत लाथा झाडत होती, नसलेल्या ताकदीने. दुसरीलाही मीच धरलं.

भरपाईचं माझ्या वडिलांनी मिटवलं. दवाखान्यात उस्ताद मला भेटायला आला, ओठ सुजलेला. मी पडल्या पडल्या म्हणालो, "तूच लावलास तो पाइप." त्याने भरल्या वॉर्डात माझ्या कानफटात मारली आणि निघून गेला. ती मला काठीपेक्षा जास्त लागली, कारण ती अगदी बरोबर होती.

प्लास्टर निघालं तेव्हा मी गॅरेजला गेलो. गाडी तिथेच पडून होती. त्याने ग्राइंडर हातात दिला. पाइप मी कापला. डाव्या हातात जोर नव्हता, ग्राइंडर उसळून गुडघ्याला लागला, पँट भिजली. तो स्टुलावर बसून बघत राहिला. शेवटी म्हणाला, "पट्टी बांध आन् जुना डबा लाव." त्या दिवसापासून आम्ही पुन्हा बोलायला लागलो.

पुढच्या उन्हाळ्यात त्या मेंढपाळाचं बिराड तलवाड्याकडे उतरल्याचं कळलं. मी एसटीने गेलो. बाईने मला लांबूनच ओळखलं. दगड उचलला आणि मारला, तो नडगीवर बसला. मी तसाच उभा राहिलो. तिने दुसरा उचलला, हातात तोलला आणि मग माझ्याकडे पाठ करून कोकरांना पाणी पाजायला गेली.

"दिसलास. झालं," मेंढपाळ म्हणाला. "आता जा. पुना येऊ नकोस."

माफीचं वाक्य मी रस्ताभर घोकलं होतं. ते बोलायची वेळच आली नाही. लंगडत स्टँडवर आलो. नडगीतून रक्त येत होतं, शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने विचारलं, "काय झालं बाबा?" मी म्हणालो, "लागलं." त्याने खिशातून तंबाखू काढून जखमेवर दाबायला दिली.